लाकडावरचा रंग उतरवणारी दाहक रसायने : डबा उघडण्याआधीची तयारी

नवी दिल्ली : पावसाळा सरला आणि दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. पावसाने काळवंडलेला लाकडी डेक, पोपडे धरलेला दरवाजा, रंगावर रंग चढून जड झालेल्या खिडक्या यांना नवे पॉलिश देण्याआधी जुना थर उतरवावा लागतो. पॉलिश पेपरने घासून हे काम करायचे तर दिवस मोडतात. रसायनाने ते काही तासांत उरकते. मात्र वाळलेला तैलरंग लाकडापासून सोडवणारे रसायन त्वचेला आणि डोळ्यालाही तितक्याच सहजपणे इजा करते. दाहक अल्काचा शिंतोडा डोळ्यात गेल्यास दृष्टी किती वाचेल, हे पुष्कळदा रुग्णालय गाठण्याआधीच्या काही मिनिटांतच ठरते. त्या वेळी हाताशी भरपूर स्वच्छ पाणी होते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. नवे महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर असल्याने कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला तो परिचित आहे. जुन्या वास्तू आणि काचेच्या उंच इमारती या भागात शेजारी शेजारी उभ्या आहेत. जुन्या घरांतील दारे-खिडक्या आणि जिन्यांचे कठडे, तसेच नव्या गच्च्यांवरील लाकडी डेक या दोन्हींना दर काही वर्षांनी हे काम करावे लागते. पुण्यातील वाड्यांचे दरवाजे, कोकणातील घरांचे खांब आणि लोणावळा-महाबळेश्वरच्या बंगल्यांतील लाकडी सज्जे यांची गरजही वेगळी नाही. म्हणून या रसायनांची ओळख, ती हाताळण्याची रीत आणि अपघात झाल्यास करायचे उपाय कारागिराइतकेच घरमालकालाही माहीत असणे आवश्यक आहे.

डब्यात काय असते?

बाजारात ‘पेंट रिमूव्हर’, ‘वूड स्ट्रिपर’ किंवा ‘डेक क्लीनर’ अशा नावांनी मिळणारी सर्व उत्पादने एकाच प्रकारची नसतात. ढोबळमानाने त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट दाहक अल्कांचा. यात मुख्यतः कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड असतो. साबण, कागद आणि ॲल्युमिनिअम उद्योगांत वापरले जाणारे हे रसायन मिठाच्या द्रावणाचे विद्युत अपघटन करून तयार होते. तैलरंगातील आणि वॉर्निशमधील वाळलेल्या तेलाचे ते साबणात रूपांतर करते. त्यामुळे थर मऊ होऊन सुटतो.

दुसरा गट द्रावकांचा. डायक्लोरोमिथेन, म्हणजेच मेथिलीन क्लोराइड, हा त्यातील सर्वांत प्रभावी आणि सर्वांत वादग्रस्त घटक आहे. काही उत्पादनांत ॲसिटोन, टोल्युइन किंवा मेथॅनॉल यांसारखी ज्वलनशील द्रावके असतात.

तिसरा गट ऑक्सिजन किंवा क्लोरीन सोडणाऱ्या क्लीनरचा. सोडिअम परकार्बोनेट आणि सोडिअम हायपोक्लोराइट हे त्यातील परिचित घटक आहेत. बुरशी आणि शेवाळ काढणे हे त्यांचे मुख्य काम. जाड तैलरंग त्यांनी निघत नाही.

चौथा गट लाकूड उजळवणाऱ्या आम्लांचा असून त्यात बहुधा ऑक्झॅलिक ॲसिड असते. कॉस्टिकमुळे सागवानासारखे लाकूड काळपट पडते. तो काळेपणा घालवण्यासाठी आणि मागे राहिलेला अल्काचा अंश शमवण्यासाठी या आम्लाचे सौम्य द्रावण शेवटी लावले जाते. ते स्वतःही विषारी आहे. पोटात गेल्यास मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकते.

डब्यावर घटकांची नावे नसतील, तर ते उत्पादन यांपैकी कोणत्या गटातील आहे हे वासावरून किंवा रंगावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. असे उत्पादन न घेणेच योग्य. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या लेबलवर संक्षारक पदार्थासाठी ठरावीक चिन्ह असते. त्यात नळीतून ओघळणारा द्रव हाताला आणि धातूच्या पट्टीला खात असल्याचे दाखवलेले असते. उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घेता येते. घटक, प्रथमोपचार, योग्य हातमोजे आणि साठवण यांची माहिती त्यात स्वतंत्र शीर्षकांखाली दिलेली असते.

अल्काची इजा खोल का जाते?

तेजाबाची भीती सर्वांना असते. कॉस्टिकची तेवढी वाटत नाही. वैद्यकीय अनुभव मात्र सावध करणारा आहे. बहुतेक आम्ले त्वचेतील प्रथिने गोठवतात. गोठलेला हा थर आम्लाला आणखी आत जाण्यास काही प्रमाणात अडथळा करतो. अल्क याच्या उलट वागते. ते पेशींच्या आवरणातील मेदाचे साबणीकरण करते, ऊती विरघळवते आणि मार्ग मोकळा करत खोल उतरत राहते. बोटांना लागलेला साबणासारखा बुळबुळीतपणा हे अल्क त्वचेवर काम करू लागल्याचे लक्षण असते. वेदना कधी उशिरा सुरू होतात, त्यामुळे ‘काही झाले नाही’ असे समजून माणूस काम चालू ठेवतो आणि धुण्यास उशीर होतो.

डोळ्याच्या बाबतीत हा उशीर सर्वाधिक महाग पडतो. अल्क पारपटलातून, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यातून, थोड्याच वेळात आत शिरते. पारपटल धुरकट होणे, डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होणे आणि मोतीबिंदू हे त्याचे ज्ञात परिणाम आहेत. महाराष्ट्रात याचे सर्वांत परिचित उदाहरण तंबाखूसोबतच्या चुन्याचे आहे. चुन्याची पुडी किंवा नळी खेळताना फुटून मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या घटना नेत्रतज्ज्ञांना नव्या नाहीत. चुना हेदेखील अल्कच आहे आणि कॉस्टिक सोडा त्याहून कितीतरी तीव्र आहे.

ही तीव्रता आकड्यांत मांडता येते. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. पीएच ११.५ किंवा त्याहून अधिक असलेले मिश्रण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सर्वसाधारणपणे संक्षारक धरले जाते. १ लिटर द्रावणात केवळ ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा असला तरी त्याचा पीएच १४ च्या आसपास पोहोचतो. घरातील साध्या तराजूवर हे वजन जेमतेम दोन-तीन मोठ्या चमच्यांचे भरते.

काम सुरू करण्यापूर्वी

या कामाची पहिली सामग्री पाणी आहे. अनेक शहरांत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, गच्चीवरील टाकी दुपारपर्यंत रिकामी होते आणि डेकपासून नळ दूर असतो. म्हणून डबा उघडण्यापूर्वी पाण्याचा पाइप जोडून तो चालू असल्याची खात्री करावी. पाइप नसल्यास कामाच्या जागेपासून काही पावलांवर स्वच्छ पाण्याने भरलेली पिंपे आणि तांबे ठेवावेत. एक बादली पुरेशी नसते. डोळा सतत २० ते ३० मिनिटे धुता येईल एवढे पाणी हाताशी नसेल, तर त्या दिवशी काम सुरू करू नये.

दुसरी गरज संरक्षक साधनांची. रोजचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल शिंतोडे अडवत नाही, कारण ते बाजूने आणि खालून आत शिरतात. डोळ्यांभोवती घट्ट बसणारा रसायनरोधक गॉगल आवश्यक आहे. डोक्याच्या वरच्या भागात काम असल्यास त्यावर चेहरा झाकणारी पारदर्शक ढालही लावावी. कॉस्टिकसाठी नायट्राइल, निओप्रीन किंवा पीव्हीसीचे कोपरापर्यंत येणारे हातमोजे वापरावेत. हात वर करून काम करताना मोज्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला दुमडाव्यात, म्हणजे ओघळ बाहीत शिरत नाही. पायात रबरी गमबूट असावेत आणि पँट बुटांच्या बाहेर ठेवावी. आत खोचल्यास द्रव बुटात साचतो. सुती कपडे रसायन शोषून त्वचेशी धरून ठेवतात, म्हणून त्यांवर पीव्हीसीचा ॲप्रन हवा.

साथीच्या काळापासून आणि दिल्लीतील हिवाळी धुरक्यामुळे एन-९५ मुखपट्टी घरोघरी आली आहे. ती धुळीचे कण अडवते, पण द्रावकाची वाफ अडवत नाही. ती लावल्याने द्रावकापासून बचाव होतो, हा समज धोक्याचा आहे.

तिसरी तयारी जागेची. मुले आणि पाळीव प्राणी यांना काम संपून जागा धुतली जाईपर्यंत दूर ठेवावे. कुंड्या हलवाव्यात. हलवता न येणारी झाडे आधी पाण्याने भिजवून प्लॅस्टिकने झाकावीत. ॲल्युमिनिअमच्या चौकटी, कठडे आणि शिड्या झाकाव्यात, कारण कॉस्टिक ॲल्युमिनिअमला खाते आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. याच कारणाने द्रावणासाठी ॲल्युमिनिअमचे पातेले किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये. जाड प्लॅस्टिकची बादली घ्यावी.

द्रावण तयार करताना

तयार द्रव उत्पादन उपलब्ध असेल तर घरी कॉस्टिकचे खडे विरघळवण्याचा मार्ग टाळावा. कारागीर ते करणारच असेल, तर क्रम एकच आहे. बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि त्यात कॉस्टिक थोडे थोडे सोडत लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दांड्याने ढवळावे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. विरघळताना कॉस्टिक मोठी उष्णता सोडते. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम खडे विरघळवल्यास पाण्याचे तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअसने वाढू शकते. खड्यांच्या ढिगावर थोडे पाणी पडले तर ही सगळी उष्णता त्या थोड्या पाण्यात साठते. पाणी क्षणात उकळते आणि दाहक द्रव थेट तोंडावर उडतो. गरम पाणी घेतल्यानेही हाच धोका वाढतो. बादलीवर वाकून ढवळू नये आणि झाकण घट्ट लावून द्रावण हलवू नये.

लाकडावर लावताना

प्रथम एका कोपऱ्यात हातभर जागेवर चाचणी घ्यावी. किती वेळात थर सुटतो आणि लाकडाचा रंग किती बदलतो, हे त्यावरून कळते. काम सावलीत किंवा उन्हे कलल्यावर करावे. तापलेल्या फळ्यांवर द्रावण लगेच वाळते. वाळलेल्या रसायनाचे कण मागे राहतात आणि पुढे पॉलिश पेपरने घासताना धुळीसोबत उडतात. म्हणून एका वेळी थोडाच भाग घ्यावा आणि उत्पादनावर दिलेली वेळ संपेपर्यंत तो ओला ठेवावा.

ब्रश नायलॉनचा असावा. नैसर्गिक केसांचा ब्रश कॉस्टिकमध्ये विरघळू लागतो. फवारणी यंत्राने बारीक थेंब हवेत पसरतात, त्यामुळे लांब दांड्याचा ब्रश किंवा पोचारा अधिक सुरक्षित. उभ्या पृष्ठभागावर खालून वर जावे, म्हणजे वरचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत. मऊ झालेला थर लांबी भरण्याच्या पत्र्याने हळू काढावा. झटका देऊन खरवडल्यास लगदा उडतो. धुताना अतिदाबाच्या पाण्याचा झोत वापरण्याचा मोह होतो. पण तो रसायन सर्वत्र उडवतो आणि लाकडाचे तंतूही उचकटतो. साध्या पाइपने, भरपूर पाण्याने आणि वाऱ्याकडे पाठ करून धुणे उत्तम.

सर्वच लाकडावर कॉस्टिक चालत नाही. प्लायवूड आणि व्हिनिअरचे थर त्याने सुटतात आणि जुन्या फर्निचरमधील सरसाचे सांधे ढिले होतात. कोरीव काम असलेल्या जुन्या दरवाजांवर तर ते तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय लावूच नये.

जे एकत्र येऊ नये

लाकडावर कॉस्टिक असतानाच त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड ओतल्यास अल्क आणि आम्ल यांच्या संयोगाने उष्णता निर्माण होते आणि द्रव उडतो. मध्ये पूर्ण धुणे अपरिहार्य आहे. त्याहून गंभीर प्रकार हायपोक्लोराइटचा. ब्लीच असलेल्या क्लीनरमध्ये कोणतेही आम्ल मिसळले, अगदी शौचालय साफ करण्याचे ॲसिड जरी मिसळले, तरी विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशी त्याचा संयोग झाल्यास क्लोरामाइन वायू तयार होतात. ‘एकाने निघेना म्हणून दुसरे ओतले’ असे या रसायनांबाबत कधीही होऊ नये. भांडी, ब्रश आणि पोचारेही प्रत्येक रसायनासाठी वेगळे ठेवावेत.

बंद खोलीतील द्रावक

डायक्लोरोमिथेनचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे उत्तर भारतातील उन्हाळ्यात डब्यातच उकळीच्या जवळ असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, न्हाणीघरात, तळघरात आणि बंद खोलीत साचते. श्वासावाटे शरीरात गेल्यावर ते मेंदूला गुंगी आणते आणि त्याच्या काही भागाचे शरीरातच कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात बाथटबचा जुना मुलामा या रसायनाने उतरवताना २००० ते २०११ या काळात मृत्युमुखी पडलेल्या १३ कामगारांची नोंद आहे. लहान न्हाणीघरात टबावर वाकून केलेले काम हे त्या मृत्यूंतील समान सूत्र होते.

युरोपीय संघाने डिसेंबर २०११ पासून या रसायनाचा समावेश असलेल्या पेंट रिमूव्हरची सामान्य ग्राहकांना होणारी विक्री थांबवली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी अशा उत्पादनांवर बंदी घातली आणि २०२४ मध्ये इतर बहुतांश वापरांपर्यंत निर्बंध वाढवले. नेहमीचे पातळ रबरी हातमोजे हे द्रावक काही मिनिटांत भेदते. त्यामुळे घरात हे रसायन न वापरणे हाच खरा बचाव आहे. इतर द्रावके वापरतानाही दारे-खिडक्या उघड्या असाव्यात. हिवाळ्यात थंडीमुळे त्या बंद करून काम करू नये. गॅसची शेगडी, देवघरातील समई, उदबत्ती आणि विडी-सिगारेट विझवलेली असावी. डायक्लोरोमिथेनची वाफ ज्वालेच्या संपर्कात आल्यास फॉस्जीनसारखे अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतात. डोके जड होणे, चक्कर किंवा मळमळ जाणवताच काम सोडून मोकळ्या हवेत यावे.

जुन्या थरातील शिसे

रसायनाइतकेच लक्ष त्याने सुटणाऱ्या रंगाकडेही हवे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या तैलरंगांत, शिसे अधिक असण्याची शक्यता असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरते. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ घरभर पसरते. ओला ठेवून उतरवणे त्या दृष्टीने बरे. पण निघालेला लगदा तितकाच जपून गोळा करावा लागतो. तो प्लॅस्टिकच्या कागदावर जमा करावा, बागेत किंवा अंगणात पडू देऊ नये. कामाचे कपडे घरातील इतर कपड्यांसोबत धुऊ नयेत आणि हात-तोंड धुतल्याशिवाय चहा-नाश्ता करू नये.

साठवण आणि विल्हेवाट

उरलेले रसायन मूळ डब्यातच, मूळ लेबलसह, मुलांच्या हाताला न लागणाऱ्या कुलूपबंद जागी ठेवावे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेले कॉस्टिक हा घरातील सर्वांत मोठा धोका आहे. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतले रसायन ओळखत नाही. गिळलेले कॉस्टिक अन्ननलिका जाळते. जखम भरताना नलिका आकसते आणि मुलाला पुढे अनेक वर्षे उपचार घ्यावे लागू शकतात. दुकानातून किंवा कंत्राटदाराकडून सुटे रसायन अशा बाटलीत स्वीकारू नये.

कॉस्टिकचे खडे हवेतील ओलावा शोषून पाझरतात, म्हणून डबा घट्ट बंद आणि कोरड्या जागी हवा. आम्ले आणि अल्के एकाच फळीवर ठेवू नयेत. उरलेले द्रावण किंवा रंगाचा लगदा नाल्यात, विहिरीजवळ किंवा पावसाळी गटारात ओतू नये. रंगाचे टाकाऊ डबे आणि अशा वस्तूंना २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात गणले. हा कचरा ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवून स्थानिक संस्थेच्या संकलन व्यवस्थेकडे द्यावा.

कायदा काय सांगतो?

विषारी पदार्थांचा ताबा आणि विक्री यांचे नियमन करण्याचा अधिकार १९१९ च्या विष अधिनियमाने राज्यांना दिला आहे. ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक अटी घातल्या. विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि प्रमाण यांची नोंदवही ठेवणे, सरकारी छायाचित्र ओळखपत्र पाहणे, खरेदीचे कारण नोंदवणे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री न करणे या त्यातील प्रमुख अटी. साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत जाहीर न केल्यास जप्ती आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही त्यात आहे.

ॲसिड हल्ल्याच्या गुन्ह्याची तरतूद २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत आली आणि आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १२४ मध्ये आहे. या तरतुदीतील ‘ॲसिड’ शब्दाच्या व्याख्येत शरीराला इजा करू शकणारा आम्लधर्मी, संक्षारक किंवा जाळणारा कोणताही पदार्थ येतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने आम्ल नसलेला कॉस्टिक सोडाही या व्याख्येबाहेर राहत नाही. उद्योगांसाठी घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांबाबतचे १९८९ चे नियम आहेत.

घरी काम करणारा पॉलिशवाला मात्र या चौकटीच्या कडेला उभा असतो. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने १० लाख रुपयांपर्यंतचे स्वतःच्या निवासस्थानाचे काम मुळातच वगळले होते. दिल्लीच्या कीर्तिनगरसारख्या फर्निचर बाजारातील दुकानापासून घरोघर फिरणाऱ्या रंगाऱ्यापर्यंत अनेक जण हे काम उघड्या हातांनी करताना दिसतात. गॉगल आणि हातमोजे यांचा खर्च कामाच्या एकूण खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो. कामाचा दर ठरवताना घरमालकाने तो स्वतंत्रपणे धरला, तर निरीक्षक न पोहोचणाऱ्या जागीही कारागिराचा डोळा सुरक्षित राहू शकतो.

अपघात झाल्यास

डोळ्यात रसायन गेल्यास त्याच क्षणी धुण्यास सुरुवात करावी. पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, डोळा सर्व दिशांना फिरवावा आणि नाकाकडून बाहेरच्या बाजूला पाणी वाहू द्यावे, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात ते जात नाही. कॉन्टॅक्ट लेन्स धुता धुता काढावी. अल्क असल्यास किमान ३० मिनिटे धुवावे आणि शक्य असल्यास रुग्णालयाच्या वाटेवरही धुणे चालू ठेवावे. पिण्यायोग्य पाणी नसेल तर उपलब्ध असलेल्या सर्वांत स्वच्छ पाण्याने धुवावे. चांगल्या पाण्याच्या शोधात वेळ घालवू नये. गुलाबपाणी, दूध, मध किंवा घरातील जुने थेंब घालू नयेत.

त्वचेवर पडल्यास भिजलेले कपडे, अंगठी, घड्याळ आणि चप्पल लगेच काढावी. कोरडे खडे किंवा भुकटी असेल तर ती आधी कपड्याने झटकावी आणि मग वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धुवावे. बुळबुळीतपणा राहिला असेल तर धुणे थांबवू नये. अल्कावर लिंबू किंवा व्हिनेगर आणि आम्लावर सोडा चोळण्याचा प्रघात घातक आहे. त्या संयोगाची उष्णता जखमेत भर घालते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो. तूप, हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये.

गिळले गेल्यास उलटी करवू नये, कारण वर येताना रसायन अन्ननलिकेला दुसऱ्यांदा जाळते. तोंड पाण्याने खळखळून धुवावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. वैद्यकीय सल्ल्याशिवाय काही पाजू नये. वाफ श्वासात गेल्यास रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे. बंद खोलीत कोणी बेशुद्ध पडला असेल तर मदतीसाठी हाक मारून आणि दारे-खिडक्या उघडूनच आत जावे, अन्यथा वाचवणाराही बळी पडतो.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून कार्यरत असून १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास सल्ला देते. रुग्णालयात जाताना रसायनाचा डबा किंवा त्याच्या लेबलचे छायाचित्र सोबत न्यावे. उपचार अल्कावर करायचे की द्रावकावर, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळते. दूरध्वनी करण्यासाठी किंवा वाहन शोधण्यासाठी मात्र धुणे थांबवू नये. ते काम दुसऱ्याने करावे. म्हणूनच हे काम एकट्याने करू नये, असा शेवटचा पण महत्त्वाचा नियम आहे. कामाच्या जागी दुसरी व्यक्ती हजर असावी आणि पाण्याचा नळ कोठे आहे हे तिला आधीच माहीत असावे.